.४०६ म्हणजे चाळीस धावा नव्हेत

वर्षातून एकदा तरी कुणीतरी मला तोच हिशेब पाठवतं. टेड विल्यम्स, अमेरिकेच्या बेसबॉलमधला थोर फलंदाज, १९४१ साली सरासरी ४०.६. आपल्या गावसकरची कसोटी सरासरी ५१.१२. म्हणजे गावसकर सरस. खाली टाळ्यांची रांग. गावसकर सरस का, या वादात मी पडत नाही, आणि पडलोच तर त्याच्याच बाजूने पडेन. पण हे दोन आकडे शेजारी मांडणं म्हणजे पोराच्या अंगातल्या तापातून त्याचे गणिताचे मार्क वजा करणं. दोन्हींना सरासरी म्हणतात, नातं तिथेच संपतं.

क्रिकेटची बाजू भराभर उरकतो, तुम्हाला ती पाठ आहे. धावांना भागायचं ते डावांनी नाही, जितक्या वेळा बाद झाला तितक्यांनी. गावसकरच्या १०,१२२ धावा, २१४ डाव, त्यात १६ वेळा नाबाद, म्हणून भागाकार १९८ ने. नाबाद राहिलं की धावा वर जमा होतात आणि खाली काहीच वाढत नाही. यातूनच १९७५ च्या विश्वचषकातली ती गंमत होते. लॉर्ड्सवर इंग्लंडने ३३४ केल्या, गावसकर ६० षटकं खेळपट्टीवर उभा राहिला, १७४ चेंडूंत नाबाद ३६. लोकांनी डोकं धरलं, पण एकदिवसीय सरासरीच्या वहीत त्या डावाने त्याचं भलंच केलं. ३६ वर गेले, खाली शून्य.

आता बेसबॉल. तिथल्या फलंदाजीच्या सरासरीत धाव नावाची वस्तूच नाही. वर असतात हिट, खाली असतात अॅट-बॅट. विल्यम्सचे त्या मोसमात १८५ हिट आणि ४५६ अॅट-बॅट. भागाकार .४०६, तिथे उच्चार 'फोर-ओ-सिक्स'. म्हणजे शंभरातल्या साधारण चाळीस प्रयत्नांत यश. जात बघायची तर हा आकडा टक्केवारीच्या घरातला. चेंडू मैदानात टोलवला आणि त्या फटक्याच्या जोरावर, क्षेत्ररक्षकाने चूक न करता, फलंदाज किमान पहिल्या बेसवर (पळताना वाटेत असे तीन थांबे, मग घर; घर गाठलं की एक धाव) सुखरूप पोचला की एक हिट. प्रेक्षकांत उडवलेला होमरन हाही एकच हिट आणि जेमतेम एका बेसचा सिंगलही एकच हिट. धावांचा हिशेब वेगळ्या रकान्यांत राहतो: त्या वर्षी त्याने स्वतः १३५ वेळा घर गाठलं, त्याच्या फटक्यांवर १२० धावा आल्या, होमरन ३७. यातलं काहीही .४०६ मध्ये नाही.

बाकी किरकोळ फरक. आउटफील्डर, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागातले क्षेत्ररक्षक, तीनच असतात: लेफ्ट, सेंटर, राइट. डावं-उजवं ठरतं फलंदाजाच्या जागेवरून मैदानाकडे बघताना, आणि फलंदाज डावखुरा आला म्हणून बाजू बदलत नाहीत. विल्यम्स हा बॉस्टन रेड सॉक्सचा लेफ्ट फील्डर. घरच्या फेनवे पार्कवर त्याच्या पाठीमागे ३७ फूट उंच भिंत होती. एवढं पुरे. यात कुणी अडखळत नाही.

अडखळतात ते अॅट-बॅट या शब्दाशी. नाव ऐकून वाटतं की फलंदाजीला येण्याची प्रत्येक पाळी म्हणजे एक अॅट-बॅट. तसं नाही. प्रत्येक पाळी मोजणारा रकाना वेगळा, त्याला प्लेट अपीअरन्स म्हणतात. १९४१ मध्ये विल्यम्स फलंदाजीला आला ६०६ वेळा. अॅट-बॅट धरले ४५६. मधल्या १५० पाळ्या गेल्या कुठे? १४७ वेळा त्याला वॉक मिळाला आणि ३ वेळा चेंडू अंगावर आदळला. पिचरने (तिथला गोलंदाज) स्ट्राइक झोनच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या, बाहेर चार चेंडू टाकले, फलंदाजाने त्यांवर बॅट घातली नाही, की त्याला पहिला बेस फुकट. हा झाला वॉक. अशी पाळी सरासरीत धरतच नाहीत.

इथवर आलं की क्रिकेटवाला माणूस खूश होतो. "अच्छा, म्हणजे वॉक हा त्यांचा नाबाद!" नाही हो. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि सगळी गफलत इथूनच सुरू होते.

नाबाद ३६ मध्ये ३६ तरी वर जातात. वॉकमध्ये वर काही जात नाही, खालीही काही जात नाही. सरासरीच्या लेखी तो फलंदाज त्या वेळी चहा प्यायला गेला होता. क्रिकेटमध्ये त्याचा खरा चुलतभाऊ शोधायचा तर तो वाइड. वाइडची धाव संघाला मिळते, फलंदाजाच्या नावावर नाही, आणि त्याने खेळलेल्या चेंडूंतही तो चेंडू धरत नाहीत. मी मैदानावरच्या सामन्यांत काही वर्षं स्कोअररची वही सांभाळली आहे. वाइड फलंदाजाच्या रकान्यात लिहिणारा नवशिका आणि वॉकला नाबाद म्हणणारा जाणकार, दोघांवर मला सारखाच राग येतो.

अर्थात वाइडची उपमाही अर्ध्या वाटेवर सोडून द्यावी लागते. वाइड जास्त मिळवतो म्हणून आपण कुणाला थोर फलंदाज म्हणत नाही. विल्यम्सचे वॉक मात्र त्याच्या नजरेची कमाई होते. झोनच्या जरा बाहेरच्या चेंडूला तो हात लावायचा नाही, आणि त्याला धास्तावलेले पिचर त्याला चांगला चेंडू द्यायचे नाहीत. १९३९ ते १९६० या कारकिर्दीत (मधली तीन वर्षं दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे दोन मोसमांचा मोठा भाग कोरियन युद्धात गेला, तो मरीन कोअरचा वैमानिक होता) त्याने २,०२१ वॉक मिळवले. त्याच्या .३४४ या सरासरीत यातला एकही दिसत नाही.

या न दिसण्याची किंमत त्याने १९५४ मध्ये मोजली. मोसमापूर्वीच्या सरावाच्या पहिल्याच दिवशी त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. परत आल्यावर त्याने ३८६ अॅट-बॅटमध्ये १३३ हिट मारले, सरासरी .३४५. अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या अव्वल स्पर्धेच्या, मेजर लीगच्या, दोन गटांपैकी एक) त्याच्या वर कुणी नव्हतं. पण फलंदाजीचा किताब मिळाला क्लीव्हलंडच्या बॉबी आविलाला, .३४१ वर. का? तेव्हाच्या नियमाप्रमाणे किमान ४०० अॅट-बॅट लागायचे. विल्यम्स ५२६ वेळा फलंदाजीला आला होता, पण त्यातले १३६ वॉक. चेंडू सोडण्याचं शहाणपण दाखवलं म्हणून अॅट-बॅट भरले नाहीत. शाळेत हजर राहूनही गैरहजेरी लागावी तशी गत. पुढे १९५७ पासून नियम बदलला आणि अॅट-बॅटऐवजी प्लेट अपीअरन्स मोजायला लागले. त्या वर्षी त्याने .३८८ ने किताब घेतला आणि पुढच्या वर्षी, चाळिशीत, पुन्हा एकदा.

हे एकदा कळलं की दुसरा खड्डाही दिसतो, आणि तो उलट्या बाजूला आहे. क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी त्या चेंडूवर पळून काढलेल्या धावा फलंदाजाच्याच. शून्यावर जीवदान मिळून शतक ठोकलं तरी वहीत पूर्ण शतक. बेसबॉल एवढा उदार नाही. आउटफील्डरच्या हातून सोपा झेल निसटला, फलंदाज दुसऱ्या बेसपर्यंत पोचला, तरी ती क्षेत्ररक्षकाची 'एरर'. फलंदाजाला अॅट-बॅट लागतो, हिट मिळत नाही. उभा आहे बेसवर, पण सरासरीत तो बाद. हिट की एरर हे वर बसलेला अधिकृत स्कोअरर ठरवतो. आपल्याकडे वहीवाल्याला इतका मान कधी मिळाला नाही, याचं मला वैयक्तिक दुःख आहे.

तिसरी एक गोष्ट, सॅक्रिफाइस फ्लाय. लांब उडालेला चेंडू आउटफील्डरने झेलला, तरी खेळ थांबत नाही. झेल होताच तिसऱ्या बेसवरचा धावपटू घराकडे सुटू शकतो. त्यावर धाव आली तर आज फलंदाजाला अॅट-बॅट लावत नाहीत. १९४१ मध्ये लावत. म्हणजे विल्यम्सने .४०६ काढले ते आजच्यापेक्षा कडक मापाने. हे सांगितलं की फॉरवर्ड पाठवणारे गप्प होतात, म्हणून मला ते फार आवडतं.

मग आउटफील्डरची कारकीर्द वाचायची कशी? माझं मत ठाम आहे: सरासरी एकटी वाचू नका, शेजारी ऑन-बेस टक्केवारी ठेवा. तीत वॉक मोजतात, अंगावर आदळलेले चेंडूही मोजतात. इचिरो सुझुकीचं उदाहरण घ्या. सिअॅटलचा हा जपानी राइट फील्डर पाहायला मला विल्यम्सच्या जुन्या फितींपेक्षा जास्त आवडतो. २००४ मध्ये त्याने २६२ हिट मारून जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला, सरासरी .३७२. हिट बघितले तर विल्यम्सच्या १९४१ पेक्षा ७७ जास्त. पण इचिरोला त्या वर्षी वॉक मिळाले ४९. हिट आणि वॉक मिळून इचिरोचे ३११, ७६२ पाळ्यांत. विल्यम्सचे ३३२, ६०६ पाळ्यांत. नुसत्या हिटांवर भाळणाऱ्यांना हे चालत नाही, माझा इलाज नाही. विल्यम्सची कारकिर्दीतली ऑन-बेस टक्केवारी .४८२, मेजर लीगमध्ये आजही सर्वांच्या वर.

आणि 'बेसबॉलचा ब्रॅडमन' असं कुणाला म्हणायचंच असेल, तर निदान शेवटचा दिवस तरी नीट वाचा. ब्रॅडमनला १९४८ मध्ये ओव्हलवर शंभराच्या सरासरीसाठी चार धावा हव्या होत्या. हॉलिसने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला आणि आकडा ९९.९४ वर थांबला. एकही धाव न काढता तो नाबाद राहिला असता, तर ६,९९६ ला ७० ऐवजी ६९ ने भागलं असतं आणि सरासरी झाली असती १०१.३९. नाबाद असं काम करतो.

विल्यम्सचा तो दिवस २८ सप्टेंबर १९४१, फिलाडेल्फियाचं शाइब पार्क, एकाच दिवशी दोन सामने. सकाळी त्याच्या नावावर ४४८ अॅट-बॅटमध्ये १७९ हिट होते, म्हणजे .३९९५५. तीन अंकांपर्यंत लिहिलं की .४००. बाकावर बसून राहिला असता तर चाललं असतं, आणि व्यवस्थापक जो क्रोनिनने तशी मुभाही दिली होती. दोन्ही सामन्यांत त्याला नुसते वॉकच मिळाले असते, तरी संध्याकाळी आकडा .३९९५५ च राहिला असता, एका दशांशाने इकडे नाही की तिकडे नाही. तो खेळायला उतरला. आठ अॅट-बॅट झाले, सहा हिट पडले.