उलट्याची उलट जोडणी : हंबकर पिकअपची पार्श्वभूमी

नागपुरात मे महिन्यात इलेक्ट्रिक गिटारचा सराव करणाऱ्याला कूलर बंद ठेवणे शक्य नसते. कूलरची मोटर, पाण्याचा पंप आणि पंख्याचा रेग्युलेटर चालू असलेल्या खोलीत एका कॉइलच्या पिकअपमधून (तारांखाली बसवलेला, चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेढे, म्हणजे कॉइल, असलेला आणि तारांच्या कंपनाची वीज करणारा भाग) जो संथ आणि अखंड 'घूं' असा आवाज ॲम्प्लिफायरवर उमटतो, त्याला साउंडवाले 'हमिंग' म्हणतात. वादक गिटार घेऊन जागच्या जागी वळला की हे हमिंग कमी-जास्त होते आणि एका विशिष्ट दिशेला तोंड केल्यावर जवळजवळ नाहीसेही होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्याचा मूळ स्वर अतिखर्जातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढा लागतो, तर अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या विजेचा स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधल्या फटीत पडतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते, तेव्हा तिच्या खालचे सगळे गाळून टाकले की काम भागेल असे वाटू शकते. परंतु १००, १५०, २५० हर्ट्झ अशा हमिंगच्या पटी गिटारच्या स्वरांतच मिसळलेल्या असतात आणि गाळणी लावली तर स्वरालाही कात्री लागते. म्हणून हा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचण्याआधी, पिकअपमध्येच मारावा लागतो.

त्यासाठी जो पिकअप वापरला जातो त्याच्या 'हंबकर' या नावातील 'बक' हा भाग आपल्याकडे अनेकांना गोंधळात टाकतो, वास्तविक तो शब्द नागपूरच्या घराघरांत आहे. व्होल्टेज स्टॅबिलायझर दुरुस्त करणारा कारागीर 'बक' आणि 'बूस्ट' हे शब्द रोज वापरतो : व्होल्टेज वाढले की ट्रान्सफॉर्मरचे एक वाइंडिंग उलट जोडले जाऊन मूळ व्होल्टेजमधून वजा होते, हा बक, तेच सुलट जोडले की भर पडते, हा बूस्ट. हंबकरमध्ये हमिंगला, म्हणजे इंग्रजीतल्या 'हम'ला, हाच बक दिला जातो. 'आवाज अडवणारा' किंवा 'आवाज गाळणारा' असा जो अर्थ सर्रास सांगितला जातो, तो त्यामुळे फसवा ठरतो. हंबकर काहीही अडवत नाही. त्याच्या दोन्ही कॉइल हम पुरेपूर पकडतात आणि मग एकीचे दुसरीतून वजा होते.

एवढेच केले तर तारेचा स्वरही वजा होऊन जाईल, आणि या युक्तीची खरी मौज त्याच्या पुढच्या पायरीत आहे. बाहेरून येणारे बदलते चुंबकीय क्षेत्र शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन्ही कॉइलवर जवळजवळ सारखेच पडते; पिकअपमध्ये कोणते चुंबक आहेत आणि त्यांचे ध्रुव कोठे आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तारेचे तसे नाही. पोलादी तार तिच्याखालच्या ध्रुवामुळे स्वतः चुंबकित होते आणि तिच्या कंपनाने कॉइलमध्ये निर्माण होणाऱ्या विजेची दिशा तो ध्रुव उत्तर आहे की दक्षिण यावर ठरते. तेव्हा एका कॉइलची जोडणी उलट करायची आणि तिच्याखालचा ध्रुवही उलट ठेवायचा. हम एकदाच उलटतो आणि दुसऱ्या कॉइलमधल्या हमशी भिडून संपतो. स्वर मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलट होतो आणि दुसऱ्या कॉइलच्या स्वरात मिळतो. वजा गुणिले वजा म्हणजे अधिक, हा शाळेतला नियम येथे तांब्याच्या तारेत गुंडाळलेला आहे. दोन ध्रुवांसाठी दोन चुंबकही लागत नाहीत. दोन कॉइलच्या मध्ये खाली एकच पट्टीचुंबक आडवा ठेवला की त्याची एक कड एका कॉइलला उत्तर ध्रुव देते आणि दुसरी कड दुसऱ्या कॉइलला दक्षिण.

ही कल्पना गिटारसाठी जन्मलेली नाही. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंमध्ये लाउडस्पीकरला कायमचा चुंबक नसे. त्याऐवजी एक मोठी कॉइल असे, तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहातली खळबळ स्पीकरमध्ये घुमत असे, आणि ती मारण्यासाठी थोड्या वेढ्यांची एक छोटी कॉइल उलट जोडली जाई, जिला तेव्हापासूनच 'हम-बकिंग कॉइल' म्हणत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला घोड्याच्या नालेच्या आकाराचे चुंबक असलेला पहिला यशस्वी गिटार पिकअप बाजारात आला आणि त्याच दशकात, १९३५ साली, अमेरिकेतील एका पियानो कंपनीच्या अभियंत्याने एकावर एक रचलेल्या दोन कॉइलच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला, जे १९३८ साली मंजूर झाले. पुढे पन्नास वर्षांनी गिटारच्या बाजारात 'नवा शोध' म्हणून जे विकले गेले, त्याची रचना तत्त्वतः हीच होती.

यानंतरची वीस वर्षे येथे ओलांडून गेले तरी फारसे बिघडत नाही, कारण तपशिलाने पाहण्याजोगा काळ १९५५ ते १९६२ हा आहे. मिशिगन राज्यातील कॅलामझू येथील गिटार कारखान्यात एका अभियंत्यावर, त्या काळच्या 'पी-९०' या एका कॉइलच्या पिकअपचे हमिंग घालवण्याची जबाबदारी होती. त्याचा पिंड रेडिओवाल्याचा होता आणि ॲम्प्लिफायरमध्ये हम काटणारा चोक (एक प्रकारची कॉइल) बसवता येतो तर पिकअपमध्ये तसेच का करू नये, असा विचार आपल्या मनात आला, असे त्याने पुढे सांगितले आहे. २२ जून १९५५ रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. पिकअप प्रथम १९५६ मध्ये स्टील गिटारवर आणि १९५७ मध्ये नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारवर बसवला गेला. पेटंट क्रमांक २८९६४९१ मंजूर झाले ते २८ जुलै १९५९ रोजी, म्हणजे अर्जानंतर चार वर्षांनी.

त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीसाठी काम करणाऱ्या स्वतंत्र संशोधकाने त्याच तत्त्वावरचा पिकअप तयार केला होता. त्याचा अर्ज २२ जानेवारी १९५७ चा, म्हणजे दीड वर्षाहून अधिक उशिराचा. पण त्याचे पेटंट क्रमांक २८९२३७१ मंजूर झाले ३० जून १९५९ रोजी, म्हणजे पहिल्यापेक्षा चार आठवडे आधी. 'हंबकर प्रथम कोणी केला' हा वाद या दोन तारखांच्या जोडीवर आजही चालतो. अर्जाची तारीख धरली तर एक पक्ष जिंकतो, मंजुरीची धरली तर दुसरा. १९३५ चा पियानोचा अर्ज समोर ठेवला तर प्रस्तुत लेखकाला हा वाद मुळातच चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. या दोघांपैकी कोणीही तत्त्व शोधले नव्हते, दोघांनीही ते गिटारच्या सहा तारांखाली मावेल आणि कारखान्यात रोज बनेल अशा आकारात बसवले होते. दोन्ही कंपन्या पुढे आपापले पिकअप बनवत राहिल्या.

या प्रकरणातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग कॅलामझूच्या पिकअपच्या पाठीवर चिकटवलेल्या छोट्या लेबलाचा आहे. पेटंट मिळेपर्यंत त्यावर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द छापलेले असत, आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून त्या काळातील पिकअपना आज 'पीएएफ' म्हणतात. पेटंट १९५९ मध्ये मिळाले, तरी ते लेबल १९६२ पर्यंत चिकटवले जातच होते. त्यानंतर लेबलावर क्रमांक आला तो २७३७८४२, आणि हा क्रमांक पिकअपचा नाहीच. तो गिटारच्या तळाशी तारा अडकवायच्या टेलपीसच्या पेटंटचा आहे, जे ज्या वादकाच्या नावाने कंपनीची गिटार विकली जाई त्याला १९५६ मध्ये मिळाले होते. प्रतिस्पर्ध्याने त्या क्रमांकाचे पेटंट मागवून पाहिले तर त्याच्या हाती टेलपीसचे चित्र पडावे, यासाठी कंपनीने हे जाणूनबुजून केले, ही कथा संग्राहकांमध्ये अत्यंत प्रिय आहे. ती पटण्यात एक अडचण आहे. हा पिकअप समजून घ्यायला पेटंट वाचण्याची गरजच नव्हती. एक सोल्डरिंग आयर्न घेऊन वरचे झाकण काढले की सगळी रचना डोळ्यांसमोर येत होती. कार्यालयातल्या कोणीतरी हाताशी असलेला क्रमांक छापखान्यात पाठवला आणि कोणी तपासला नाही, हे स्पष्टीकरण कमी रंजक असले तरी जास्त संभवनीय वाटते. मात्र ती चूक कित्येक वर्षे तशीच राहिली, याचे समाधानकारक उत्तर या स्पष्टीकरणातूनही मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे.

ते झाकणही सहज निवडलेले नव्हते. पितळेचे झाकण घातले तर त्यात भोवरे-प्रवाह निर्माण होऊन तीव्र स्वर मंद होतात; म्हणून ज्याला आपल्याकडे भांड्यांच्या बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणतात तो, तांबे, निकेल आणि जस्त यांचा विजेला अधिक रोध करणारा आणि सोल्डर चांगले धरणारा मिश्रधातू निवडला गेला. उलट, एका रांगेत दिसणारे सहा स्क्रू हे विक्री विभागाच्या आग्रहाचे फळ होते. ग्राहकाला दाखवण्यासाठी काहीतरी फिरवता येण्याजोगे हवे होते. आत प्रत्येक कॉइलवर सुमारे ५००० वेढे असत आणि त्याची तार ०.०६ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे नागपुरातल्या पंखे-मोटर वाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात सापडणाऱ्या तारेपेक्षा कितीतरी बारीक, केसाच्या जातीची. वेढे नेमके मोजले जात नसल्यामुळे दोन कॉइल क्वचितच तंतोतंत जुळत. त्यामुळे हम पूर्णपणे कटत नसे आणि स्वरातला थोडा चटकदारपणा शिल्लक राहत असे. आज याच विषम कॉइलच्या पिकअपना चढे भाव येतात आणि कारखान्यातला ढिसाळपणा मुद्दाम, मोजून, नक्कल केला जातो.

स्वराचा हा मुद्दा पुढच्या साठ वर्षांच्या घडामोडींचे मूळ आहे. दोन कॉइल तारेला दोन जागी ऐकतात, त्यामुळे ज्या लहरींची अर्धी लांबी त्या अंतराशी जुळते त्या एकमेकींना खातात. शिवाय मालिकेत जोडलेल्या दोन कॉइलचे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा कॉइलचा विरोध) वाढते आणि पिकअपचे अनुनादाचे शिखर, म्हणजे तो सर्वांत जोराने बोलतो ती जागा, खाली सरकते. हंबकर जाड, भरीव बोलतो आणि एका कॉइलचा पिकअप काचेसारखा खणखणीत, हा फरक येथून येतो. १९५४ मध्ये आलेल्या, तीन एककॉइली पिकअपच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारचे चाहते हम सहन करतात ते याच खणखणीतपणासाठी, आणि त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक प्रयत्न हम घालवून हा खणखणीतपणा टिकवण्याचा आहे. १९५७ च्या बास गिटारवर एक सुबक उत्तर मिळाले : कॉइलचे दोन तुकडे करून प्रत्येकी दोन तारांखाली ठेवले, त्यामुळे प्रत्येक तार एकाच जागी ऐकली जाते आणि हम तरीही कटतो. चार तारांच्या वाद्यावर ही युक्ती चपखल बसली आणि आजही तिच्यात बदल करावासा वाटलेला नाही.

सत्तरच्या दशकापासून पर्यायांची गर्दी होते. १९७२ च्या सुमारास जास्त वेढ्यांचे, ॲम्प्लिफायरला जोराने ढकलणारे हंबकर सुटे विकले जाऊ लागले. हे पिकअप दोन्ही बॉबिन (कॉइल गुंडाळायची प्लास्टिकची रिळे) क्रीम रंगाचे असे करून विकणाऱ्या कंपनीने अमेरिकेत त्या रंगजोडीवर ट्रेडमार्क मिळवला, आणि इतर उत्पादकांना तिकडे दोन्ही क्रीम बॉबिन वापरता येत नाहीत. मूळ पीएएफमध्ये क्रीम बॉबिन आले ते काळे प्लास्टिक संपले होते म्हणून, आणि झाकणाखाली ते कोणाला दिसतही नव्हते. अशा योगायोगावर मालकी सांगू देणे हा निर्णय कायद्यात बसत असला तरी खटकतो. त्याच दशकात कमी वेढ्यांच्या कॉइल आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, पिकअपचा क्षीण आवाज वाढवणारा छोटा प्रीॲम्प असलेले सक्रिय पिकअप आले. पुढे स्ट्रॅटोकास्टरच्या मधल्या पिकअपची जोडणी आणि ध्रुव दोन्ही उलट ठेवण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप मिळून हंबकरचेच काम करतात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागी हमिंग परत येते, आणि अनेकांना ते गिटार बिघडल्याचे लक्षण वाटते. एकावर एक रचलेल्या कॉइल, चुंबक नसलेली आणि फक्त हम पकडून वजा करणारी 'डमी कॉइल', आणि गेल्या दशकातील, तार गुंडाळण्याऐवजी छापील सर्किटच्या थरांतून घडवलेल्या कॉइल, या सर्वांच्या मुळाशी तेच वजाबाकीचे तत्त्व आहे. रचलेल्या जोडीतील खालची कॉइल तारेपासून लांब असल्यामुळे स्वर फारसा पकडत नाही, पण वरच्या कॉइलला भार मात्र देते. स्वर 'थोडा मेल्यासारखा' वाटतो ही तक्रार त्यातूनच येते.

अशा पिकअपवर जो 'नॉइजलेस' हा शब्द छापतात तो हंबकरपेक्षाही जास्त दिशाभूल करतो. वजाबाकी चालते ती चुंबकीय मार्गाने आलेल्या हमवर, आणि तीही दोन्ही कॉइलवर क्षेत्र सारखे पडत असेल तेव्हाच. कूलरची मोटर हातभर अंतरावर असेल तर जवळच्या आणि लांबच्या कॉइलला मिळणारे क्षेत्र वेगळे असते आणि काही हम उरतोच. विद्युत क्षेत्रातून येणारी खरखर, उदाहरणार्थ पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची किंवा इन्व्हर्टरची, तिला दोन कॉइलशी देणेघेणे नसते. तिच्यासाठी गिटारच्या पोकळीत तांब्याचा पत्रा किंवा वाहक रंग लावून तो अर्थशी जोडावा लागतो. तारांना हात लावताच आवाज थांबत असेल, तर वादकाचे शरीर अँटेनासारखे ती खरखर गोळा करत होते आणि तारांमार्फत ते अर्थला जोडले गेले, असे समजावे. गणपतीच्या मंडपात ज्या एक्स्टेन्शन बोर्डावरून ॲम्प्लिफायर चालतो त्याच्या प्लगची तिसरी, जाड पिन अनेकदा तुटलेली किंवा मुद्दाम काढलेली असते. त्या ठिकाणी पिकअप बदलून काही साधत नाही; आधी पिन बसवावी लागते आणि अर्थिंग तपासावे लागते, कारण तेथे प्रश्न आवाजाचा राहिलेला नसून शॉकचा झालेला असतो.