निचरा, सखल शेतजमिनीचा

सखल शेतात तुंबलेले पाणी काढून मुळांच्या थरात वाफसा, म्हणजे ओल आणि हवा यांचा योग्य मेळ, आणण्याची व्यवस्था. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, जमीन उशिरा तापते, अवजारे रुततात.

उतार असला तर उघडे चर पुरतात. पण ते जागा अडवतात आणि तणाने बुजतात. म्हणून भाजक्या मातीच्या नळ्या जमिनीत पुरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली. अमेरिकेत जॉन जॉन्स्टन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या शेतात १८३० च्या दशकात ती आणली. आज त्या जागी भोके असलेला पन्हाळीदार प्लॅस्टिक पाइप असतो. खरी कसोटी दोन नळ्यांतले अंतर ठरवण्यात आहे. नळीजवळ पाणी खाली जाते, पण मध्यावर त्याची पातळी फुगलेलीच राहते. हा फुगवटा पिकाच्या मुळांना कितपत चालेल हे पाहून अंतर काढतात : चिकण मातीत कमी, वाळूत जास्त. डच शास्त्रज्ञ हूखहाउट यांनी त्याचे सूत्र १९४० मध्ये मांडले.

शेतच नदीपेक्षा खाली असेल तर पाणी उपसावे लागते. हॉलंडमध्ये बेम्स्टर सरोवर १६१२ मध्ये पवनचक्क्यांनी कोरडे केले. एका चक्कीने पाणी फार उंच चढत नसे, म्हणून पाठोपाठ चक्क्या उभारून ते टप्प्याटप्प्याने वर नेत. पुढे हार्लेमरमेर हे प्रचंड सरोवर वाफेच्या पंपांनी १८४९ ते १८५२ या काळात रिकामे केले.

निचऱ्याची सर्वांत मोठी किंमत पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, जमिनीत मोजावी लागते. इंग्लंडच्या फेन या सखल, दलदलीच्या प्रदेशात डच अभियंता व्हरमायडन यांनी सतराव्या शतकात लांबलचक सरळ कालवे खणले आणि जमीन खचू लागली. पाणी गेले की पीट आकसते, हवा शिरली की ते कुजून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उडून जाते. तिथल्या होम गावाजवळ १८५१ च्या सुमारास एक लोखंडी खांब वरचे टोक जमिनीसपाट येईल असा पुरला. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे; त्यातली मोठी खचण पहिल्या काही दशकांतच झाली. जमीन खाली गेल्याने नद्याच शेतांपेक्षा उंच झाल्या, आणि उपसा वाढवणे भाग पडले. त्यामुळे पीटच्या शेतांत चरांवर फळ्यांची दारे बसवून, पीक सोसेल तेवढे पाणी आत धरून ठेवणे हा शहाणपणाचा उपाय ठरतो. त्याने खचणे मंदावते. थांबवायचे तर जमीन पुन्हा ओलीच करावी लागते, आणि होमच्या परिसरात काही शेतांवर हे काम सुरू आहे.