काळी चार की १ए? गाणी पट्टीनुसार लावण्यामागचं विज्ञान

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, नाशकात गंगापूर रोडला एका लॉन्समध्ये हळद होती आणि डीजेच्या कन्सोलवर मी. दोन गाणी बीटला एकदम चिकटवलेली, दोन्ही १०० बीपीएम (म्हणजे मिनिटाला १०० ठोके), किकवर किक बसलेली, आणि तरी दुसऱ्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर केला तसं काहीतरी आंबट झालं. ताल चुकला नव्हता, लोक नाचतच होते, पण दहा-बारा सेकंद असं वाटलं की शेजारच्या मंडपातला स्पीकर पण आपल्यातच वाजतोय. माझे मामा खाली खुर्चीवर बसले होते. ते पंचवटीत एका भजनी मंडळात पेटी वाजवतात. जेवताना हळूच म्हणाले, "अरे, पहिलं काळी चारचं आणि दुसरं पांढरी सहाचं, कशाला सोडलंस एकमेकांच्या अंगावर?" (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी आणि सहावी पांढरी, म्हणजे अगदी एकमेकींच्या शेजारच्या.)

घरी येऊन लॅपटॉप उघडला तर सॉफ्टवेअरने पहिल्या गाण्यापुढे १ए आणि दुसऱ्यापुढे ८ए लिहिलेलं होतं. तो कॉलम मी कधी बघितलाच नव्हता, बीपीएम बघायचा आणि पुढे जायचं. १ए म्हणजे काळी चार सा धरून मायनर (पाश्चात्य संगीतातली उदास छटेची स्वरमाला, मेजर ही तिची उजळ जोडीदार), ८ए म्हणजे पांढरी सहा सा धरून मायनर. जे मामांनी जिलेबी खाता खाता सांगितलं तेच.

(डीजे लोक याला 'की' म्हणतात, पण मराठीत 'की' लिहिलं की वाक्याचा पार चिवडा होतो, आणि आपल्याकडे 'कुठल्या पट्टीत गातोस' असं लोक विचारतातच, म्हणून मी पट्टीच म्हणणार आहे.)

तर आंबट का लागलं ते बघू. काळी चार म्हणजे सेकंदाला ४१५.३ कंपनं, पांढरी सहा म्हणजे ४४०. दोन्ही एकदम वाजले की कधी एकमेकांना साथ देतात कधी एकमेकांना मारतात, त्यामुळे आवाज सेकंदाला साधारण २५ वेळा फुगतो आणि बसतो. इतक्या वेगाने फुगला-बसला की कानाला ते वेगवेगळे ठोके म्हणून कळत नाही, खरखर म्हणून कळतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये हेच सांगितलं होतं, स्वर खुपतात ते या खरखरीमुळे. नंतर १९६५ मध्ये प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या दोघांनी श्रोत्यांवर प्रयोग करून दाखवलं की दोन शुद्ध स्वर अगदी एक असतील तर त्रास नाही, बऱ्यापैकी लांब असतील तरी नाही, पण अगदी शेजारी-शेजारी आले की कानाचा एकच भाग दोघांना एकदम झेलतो आणि तिथे बोंब होते. माझी दोन गाणी नेमकी त्या बोंबेच्या पट्ट्यात उभी होती.

बेसला तर वेगळंच होतं. तेच दोन स्वर खाली उतरवले की ५१.९ आणि ५५, फरक सेकंदाला तीन. म्हणजे इथे खरखर नाही, सरळ सबवूफर वुंव-वुंव-वुंव डुलायला लागतो, आणि हा डोल गाण्याच्या तालाशी काही देणंघेणं नसलेला असतो. दोन गाणी एकत्र असताना एकाचा बेस कापा असं सगळे शिकवतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता कुठली पट्टी कुठल्या पट्टीला चालते? पेटीवर शेजारी आहेत म्हणून चालतील असं वाटतं, आणि तिथेच नवीन पोरं फसतात. पेटीवर शेजारी म्हणजे उलट सगळ्यात वाईट. पांढरी एकचं मेजर घ्या, सगळे सात शुद्ध स्वर, आणि काळी एकचं मेजर घ्या, त्यातही सातच, पण दोघांत सारखे स्वर फक्त दोन. आता पांढरी एक आणि तिचा पंचम म्हणजे पांढरी पाच, या दोन पट्ट्यांत सातपैकी सहा स्वर सारखे. एकच बदलतो. मिक्समध्ये दोन गाणी पंधरा-वीस सेकंद एकत्र असतात, तेवढ्यात तो एक स्वर कुणाच्या लक्षात पण येत नाही.

म्हणून पट्ट्या पेटीच्या क्रमाने न लावता पंचमाच्या क्रमाने लावायच्या. सा पासून पंचम, त्याचा पंचम, परत त्याचा पंचम, असं बारा वेळा चालत गेलं की फिरून त्याच सा वर येतो. म्हणजे जवळजवळ येतो. पंचम म्हणजे दीडपट, दीडला बारा वेळा गुणलं की १२९.७ येतात, आणि सात सप्तकं वर म्हणजे दोनला सात वेळा गुणलं की १२८. हा जो वरचा दीड टक्क्याच्या आतबाहेरचा फरक आहे त्याने संगीतवाल्यांना शतकानुशतकं छळलंय. आजच्या कीबोर्डवर तो बाराही पंचमांत थोडाथोडा वाटून टाकलेला असतो, प्रत्येक पंचम एक केसभर कमी, म्हणून वर्तुळ पूर्ण बंद होतं. तंबोऱ्याला कान सरावलेले लोक पेटीला नाक मुरडतात त्याचं एक कारण ही वाटणीच आहे, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे, पण डीजेचं वर्तुळ या तडजोडीशिवाय बनलंच नसतं.

मार्क डेव्हिस नावाच्या डीजेने या पंचमांच्या वर्तुळावर घड्याळासारखे १ ते १२ आकडे टाकले आणि त्याला कॅमेलॉट व्हील म्हटलं. वर्तुळ काही त्याचं नाही, युरोपात ते सतराव्या शतकापासून आहे, त्याने फक्त नावं सोपी केली. मायनरला ए, मेजरला बी. नियम एवढाच, आकडा तोच किंवा एक पुढे किंवा एक मागे. ८ए वरून ९ए ला जा, ७ए ला जा, बाराच्या पुढे परत १. किंवा आकडा तोच ठेवून अक्षर बदला, ८ए वरून ८बी.

मला यातली भारी वाटलेली गोष्ट अशी की एक पुढे म्हणजे पंचम आणि एक मागे म्हणजे मध्यम. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी एकमेकांपासून ९ किंवा १३ श्रुतींवर (श्रुती म्हणजे सप्तकाच्या २२ बारीक पायऱ्यांपैकी एक) असलेल्या स्वरांना संवादी म्हटलंय, आणि ते दोन म्हणजे नेमके मध्यम आणि पंचमच. मामा याला षड्ज-मध्यम भाव आणि षड्ज-पंचम भाव म्हणतात. अंतर तेच, तिथे ते दोन स्वरांतलं आहे आणि इथे दोन अख्ख्या गाण्यांच्या सा मधलं.

आणि अक्षर बदलणं म्हणजे मूर्च्छना. ८बी म्हणजे पांढरी एकचं मेजर, आपला बिलावल थाट. पेटीवर तीच बटणं दाबायची, एक पण नवीन नाही, फक्त धैवताला सा मानायचं, की झाला आसावरी थाट, म्हणजे पांढरी सहाचं मायनर, म्हणजे ८ए. स्वर सातच्या सात सारखे, पण मूड एकदम पलटतो. हळदीत कुणाला रडवून परत हसवायचं असेल तर हा दरवाजा एक नंबर.

एकूण पट्ट्या २४, आणि कुठल्याही गाण्याला नियमात बसणाऱ्या चार. म्हणजे सगळ्या पट्ट्यांची गाणी सारख्या प्रमाणात आहेत असं धरलं तर डोळे मिटून पुढचं गाणं उचललं की सहातून एकदा जुळणार. बाकी पाच वेळा बेस कापून, इको मारून, माइकवर "आवाज कुठाय" ओरडून वेळ मारून न्यायची. मी अनेक वर्षं तेच केलं.

आता स्पीडची भानगड. पेटीवर एक पट्टी सरकणं म्हणजे कंपनं साधारण ६ टक्क्यांनी वाढणं. आणि जुन्या पद्धतीने गाणं ६ टक्के पळवलं की पट्टी पण ६ टक्के वर जाते, कारण तबकडी जोरात फिरली की सगळंच जोरात. म्हणजे १२० चं गाणं १२७ वर नेलं तर ते एक पट्टी वर चढलं, ८ए होतं ते ३ए झालं. पेटीवर शेजारी, घड्याळावर पाच घरं लांब. आता कंट्रोलरवर कीलॉक किंवा मास्टर टेम्पोचं बटण असतं, ते दाबलं की सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून जवळ किंवा लांब मांडतं, पट्टी न हलवता वेग बदलतो. पण फार ताणलं तर टाळीची धार जाते, आवाज पाण्यातून आल्यासारखा लागतो. मी ४-५ टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि ते बटण चालू आहे का बंद हे गाणं सुरू करायच्या आधी बघतो, कारण कॉलममध्ये दिसणारी पट्टी ही मूळ वेगाची असू शकते.

सॉफ्टवेअरला पट्टी कळते कशी? त्याला गाणं वगैरे काही कळत नाही. ते आवाज तोडून बघतं की कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे, मग सगळी सप्तकं एकावर एक घडी घालून बारा डब्यांत भरतं, या डब्यात किती सा, त्यात किती कोमल रे, असं. मग त्या बारा डब्यांची उंची २४ साच्यांशी ताडून बघायची, जो साचा सगळ्यात जास्त बसेल ती पट्टी. असे साचे पहिल्यांदा माणसांच्या कानांवरून बनले. १९८२ मध्ये कॅरल क्रुमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी लोकांना आधी एक पट्टी ऐकवली, मग एकेक सुटा स्वर वाजवून विचारलं की हा इथे किती शोभतो, आणि त्या मार्कांवरून मेजर-मायनरचा साचा तयार झाला.

अर्थात चुकतं. पण कसं चुकतं ते बघण्यासारखं आहे. बहुतेक वेळा ते पंचमाला सा समजतं किंवा मायनरला त्याच स्वरांचं मेजर समजतं, म्हणजे घड्याळावर शेजारच्या घरात जाऊन पडतं, जिथे मिक्स तरीही चालून जातो. चुकीचा पत्ता पण गल्ली तीच. फक्त सा तोच ठेवून मेजरच्या जागी मायनर सांगितलं तर वाट लागते, ८बी आणि ५ए, तीन घरांचा फरक.

आपल्या गाण्यांत अजून एक गंमत. सॉफ्टवेअरकडे साचे दोनच जातीचे, आणि आपल्याकडे थाटच दहा. पांढरी दोनची भैरवी दिली तर सा डी आहे, पण कोमल रे सकट सगळे स्वर ६ए वाल्या मायनरचे निघतात, मग ते बिचारं ६ए लिहून टाकतं, आणि मी सा बघून ७ए म्हणणार. परत एक घर. तोडी किंवा मारवा अंगाचं काही आलं तर मात्र ते काय लिहील सांगता येत नाही, मी तो आकडा मनावरच घेत नाही. आणि जुन्या कॅसेटवरून उतरवलेली भक्तिगीतं, टेप ३ टक्के पळाली की गाणं बरोबर दोन पट्ट्यांच्या मधोमध, सॉफ्टवेअर कुठल्यातरी एका बाजूला ढकलतं आणि आपण बसतो डोकं खाजवत. अशा गाण्याला मी पिच हाताने खालीवर करून पट्टीवर आणतो आणि मगच फाइल सेव्ह करतो.

माझी लावायची पद्धत काही फार हुशारीची नाही. आधी बीपीएमचे ढीग, कारण १०० च्या गाण्याशेजारी १२८ चं जुळून करायचंय काय. मग प्रत्येक ढिगात पट्टीचा कॉलम चढत्या क्रमाने. ट्रॅक्टर नावाचं डीजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे आकडे वेगळे असतात, आपलं ८ए तिथे १एम होतं, त्यामुळे दुसऱ्याचा पेनड्राइव्ह घेताना आधी ते बघायचं. आकडा फाइलच्या नावात पण टाकतो, ८ए-१०० असं पुढेच, कारण ऐनवेळी दुसऱ्याच्या मशीनवर वाजवावं लागलं आणि कॉलम आला नाही तरी नाव तर दिसतं. जी गाणी दर शनिवारी वाजतात ती सगळी पेटीवर स्वतः तपासलीत, गाणं लावायचं आणि जिथे थांबल्यावर घरी आल्यासारखं वाटतं तो स्वर शोधायचा, तो सा. शे-दीडशे गाणी एका रविवारात झाली, त्यात मामांनी अर्धी पेटीला हात न लावता सांगितली, ते सोडा.

आणि या सगळ्या नियमाला नाशकात एक मोठं भोक आहे, ते म्हणजे ढोल. तारेचे किंवा पेटीच्या पात्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सरळ येतात, म्हणून कानाला एक पक्का स्वर लागतो. ताणलेल्या गोल चामड्याचे तसे येत नाहीत, ते १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे अडनिडे, म्हणून ढोलाचा दणका छातीत बसतो पण त्याचा सा कुठला ते सांगता येत नाही. तबल्याला शाई लावून आपल्या लोकांनी ही अडचण सोडवली, मध्ये वजन आल्यामुळे वरचे स्वर सरळ पटीत येतात, आणि हे विज्ञानाच्या भाषेत सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये नेचरमध्ये लिहिलं. साध्या ढोलाला अशी शाई नाही, म्हणून त्याला पट्टी नाही, आणि पट्टी नाही म्हणून तो कशावरही चालतो.

याचा फायदा मी खूप करून घेतो. १ए वरून ८ए ला जायचंच असेल, कारण नवरदेवाच्या मित्रांनी तेच गाणं मागितलंय आणि ते आता ऐकणार नाहीत, तर मध्ये सोळा मात्रा नुसता नाशिक ढोल. तेवढ्या वेळात पहिल्या गाण्याचा सा कानातून उतरतो, आणि दुसरं गाणं स्वतःचा सा घेऊन येतं. रंगपंचमीला तर काय, रहाडीपाशी (रंगाच्या पाण्याच्या हौदापाशी) निम्मा वेळ ढोलच असतो, तिथे कॉलम बघायची गरजच पडत नाही.

माझ्या ढोलाच्या फोल्डरमध्ये पण सॉफ्टवेअरने प्रत्येक फाइलपुढे इमानदारीत पट्टी लिहिली होती, एका दणक्याला ४ए, दुसऱ्याला ११बी. मामांना दाखवलं तर चष्मा वर करून म्हणाले, "आता हा ढोल गातोय कुठल्या पट्टीत ते आम्हाला पण ऐकव." तो कॉलम मी पुसून टाकलाय.