नगरपंचायत आली, जलवाहिनी जुनीच

2014 मध्ये राज्य सरकारने ठरवलं की ज्या तालुक्याच्या ठिकाणी नगरपालिका नाही, तिथल्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत करायची. कचेरीवरची पाटी बदलली, सरपंचाऐवजी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाऐवजी मुख्याधिकारी. पाण्याची टाकी मात्र तीच, योजनेला पाणी पुरवणारी उद्भव विहीर तीच आणि पहाटे चावी घेऊन व्हॉल्व फिरवत हिंडणारा माणूसही बहुतेक ठिकाणी तोच.

पण गाव वाढायला 2014 ची वाट पाहत थांबलं नव्हतं. मुलांची शाळा, दवाखाना, बाजार समिती यांसाठी आसपासच्या वाड्यावस्त्यांतले लोक तालुक्याला येऊन राहतच होते. शिक्षक, एसटीचे चालक, हमाल, निवृत्त पोलीस. गावठाणात जागा नव्हती. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा विकता येत नव्हता आणि 1966 च्या महसूल संहितेप्रमाणे घर बांधायचं तर जमीन आधी बिगरशेती करून घ्यायची. मोजणी, नकाशा, रस्ते, मोकळी जागा हा सगळा खर्च अखेर प्लॉटच्या भावात चढायचा. ज्यांना परवडलं त्यांनी असा बिगरशेती, म्हणजे एन.ए. प्लॉट घेतला. बाकीच्यांनी गावालगतच्या शेतकऱ्याकडून गुंठा-दोन गुंठे साठेखतावर (नुसत्या विक्रीच्या करारावर) किंवा नोटरीवर घेतले. सातबाऱ्यावर नाव नाही, पण डोक्यावर छप्पर आलं. माझ्या मते लहान गावांतली खरी परवडणारी घरं हीच, आणि ती कोणत्याही योजनेने बांधलेली नाहीत.

हे इतकं पसरलं की 2001 मध्ये ही गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट, नियमित करण्याचा कायदा करावा लागला. 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 2020 अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. कागद नियमित झाला तरी जलवाहिनी आपोआप येत नाही.

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 33 बाय 33. त्यात पुढे बोअर, मध्ये दोन खोल्या, मागे शौचालयाचा शोषखड्डा. दोन्हींत अंतर राहतं फार तर तीस-पस्तीस फुटांचं, आणि शेजाऱ्याचा खड्डा त्याहूनही जवळ असू शकतो. नळाचं पाणी येत नाही म्हणून बोअर घ्यायचा, गटार नाही म्हणून खड्डा खणायचा. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी बोअरमध्ये झिरपून जुलाबाची साथ आली की मग पाण्याचे नमुने तपासायला जातात.

नळाचं पाणी का पोचत नाही, याचं उत्तर योजनेच्या हिशेबात आहे. ग्रामीण योजना बरीच वर्षं माणशी रोज 40 लिटर धरून आखल्या जात. 2019 च्या जलजीवन मिशनमध्ये हा निकष 55 लिटर आहे. शहरासाठी तो भुयारी गटार नसेल तर 70 आणि असेल तर 135. म्हणजे नगरपंचायतीच्या एका अधिसूचनेने गाव शहर ठरतं आणि त्याची गरज कागदावर वाढते, पण पंप आणि पाइप गावठाणापुरतेच. शेवटच्या टोकाला पाणी चढत नाही, म्हणून लोक नळाला थेट मोटर लावतात आणि त्यापुढच्या घराला तेवढंही मिळत नाही. वर्षाला ठोक पाणीपट्टी, तीही निम्मीच वसूल होत असेल, तर विजेचं बिल थकणारच.

घरकुलाचीही अशीच गंमत. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात 1 लाख 20 हजार मिळत. 2015 च्या शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख. रक्कम दुपटीहून जास्त, पण जागा स्वतःच्या नावावर हवी आणि बांधकाम परवानगीही हवी. नोटरीवाला इथेच अडकतो. वर रोजगार हमीची कामंही गेली. नगरपंचायत नको म्हणणारे लोक नुसते विकासविरोधी नव्हते.

उलटं उदाहरणही आहे. कराडला खेटून असलेल्या मलकापूरने ग्रामपंचायतीतून नगरपंचायत होण्याच्याच काळात, 2008 च्या आसपास, घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. वापर वाढेल तसा दर चढा. कोयना नदी जवळ होती, हे विसरून चालणार नाही. माण किंवा आष्टीसारख्या दुष्काळी तालुक्यांना ती सोय नाही.

शहरांच्या पाणी-गटारासाठीच्या केंद्राच्या 2015 च्या पहिल्या अमृत योजनेत मुख्यतः लाखावर वस्तीची शहरं होती. 2021 च्या अमृत 2.0 मध्ये नगरपंचायतींसारख्या लहान शहरांनाही दार उघडलं. मात्र लोकसंख्येचा अंदाज अजून 2011 च्या जनगणनेवरून बांधावा लागतो. 2021 ची जनगणना झालीच नाही, आणि नगरपंचायत झाल्यावर पडलेल्या प्लॉटिंगमधलं एकही घर त्या जुन्या मोजणीत नाही.