प्रोस्टेट वाढलं म्हणजे ऑपरेशनच?

"प्रोस्टेट वाढलं की लगेच ऑपरेशन करून टाका, नाहीतर कॅन्सर होतो" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती वाटणं साहजिक आहे, दोन्हीत ग्रंथी तीच (प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) आणि वयही साधारण तेच. पण वयोमानाने होणारी साधी वाढ कॅन्सरमध्ये बदलत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात मात्र, म्हणून तपासणी करायचीच.

आता ऑपरेशनचं. नुसत्या साइजवरून ते ठरत नाही, त्रास किती आहे ते बघतात. त्यासाठी सात प्रश्नांचा स्कोअर असतो, ० ते ३५, रात्री किती वेळा उठता, धार बारीक झालीय का वगैरे, तो घरीही भरता येतो. ७ पर्यंत असेल तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात. पुढे गोळ्या. टॅमसुलोसिनने काही दिवसांत धार सुधारते पण ग्रंथी लहान होत नाही, आणि उभं राहताना चक्कर येऊ शकते. फिनास्टराइडने ग्रंथी आकसते पण सहाएक महिने लागतात, शिवाय पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरची शंका तपासायला रक्तात मोजतात तो आकडा) साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे रिपोर्ट दाखवताना ही गोळी चालू आहे हे सांगायचंच, नाहीतर आकडा उगाच चांगला वाटतो.

लघवी वारंवार तुंबणं, सारखं इन्फेक्शन, मूत्राशयात खडे, किडनीवर ताण, यात मात्र ऑपरेशन टाळून चालत नाही. सोनोग्राफी रिपोर्टमध्ये लघवीनंतर किती मिली उरते ते लिहिलेलं असतं, ग्रंथीच्या साइजच्या (ग्रॅमच्या) आकड्याबरोबर तेही डॉक्टरांना विचारा.