किशोरवयीन पार्श्ववक्रता आणि रक्तातील प्रथिने

दहाव्या वर्षानंतर, उंची वाढत असताना पाठीचा कणा बाजूला वळतो, थोडा पिळलाही जातो आणि कारण सापडत नाही; या अवस्थेला अज्ञातहेतुक पार्श्ववक्रता म्हणतात. निदानासाठी उभ्याने काढलेल्या एक्स-रेत कॉब कोन (बाक किती आहे याचे अंशांतले माप) किमान १०° भरावा लागतो. शंभरांत दोन-तीन मुलांना ती असते, पण वाढत जाणारा बाक मुलींत कितीतरी जास्त.

वडोदऱ्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांची परंपरा आहे आणि सूर्यनमस्कार मराठी घरांच्या ओळखीचा. त्यातल्या हस्तपादासनात मूल ओणवे झाले की मागून पाहावे. एका बाजूच्या बरगड्या वर उचललेल्या दिसल्या, तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे. दवाखान्यातली अॅडम्स चाचणी जवळपास हीच: गुडघे ताठ, तळवे जुळलेले, हात सैल.

बाक वाढणार की थांबणार, हे रक्तावरून आधी कळेल का, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. एक जुना धागा कॅल्मोड्युलिनचा. कॅल्शियम धरून स्नायूंचे आकुंचन नियंत्रित करणारे हे प्रथिन प्लेटलेटमध्ये, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशींत, मोजतात, कारण स्नायूंसारखीच अॅक्टिन आणि मायोसिन ही आकुंचनाची प्रथिने तिथेही असतात. १९९४च्या एका अभ्यासात वाढत्या बाकाच्या मुलांत ते जास्त आढळले, स्थिर बाकात नाही. ऑस्टिओपाँटिन हे हाडांतही असणारे प्रथिन माँट्रियलच्या संशोधकांना या मुलांच्या रक्तात वाढलेले दिसले. इतरांना तसा फरक मिळाला नाही. लेप्टिन हे संप्रेरक अनेक अभ्यासांत कमी भरते. मात्र ते चरबीत तयार होते आणि या मुली बऱ्याचदा सडपातळ असतात, त्यामुळे वजनाचा हिशेब न धरता काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

चूक बहुतेक वेळा नमुन्यातच होते. रक्त गोठताना तयार होणारे थ्रॉम्बिन ऑस्टिओपाँटिनचे तुकडे करते. म्हणून ते सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) न मोजता ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या, नळीतल्या प्लाझ्मात (न गोठलेल्या रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवात) मोजावे. नळी जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट चेतवल्या जातात आणि त्यांच्यातला ऐवज प्लाझ्मात उतरतो. वेगळा केलेला प्लाझ्मा लहान भागांत विभागून -८०° सेल्सिअसला ठेवावा. पुन्हापुन्हा वितळवून गोठवू नये. तुलनेची निरोगी मुले वय, लिंग आणि पाळी सुरू झाली की नाही, या तिन्ही बाबतींत जुळणारी हवीत. वाढीच्या भरात अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडे घडताना रक्तात वाढणारे विकर) कोणाचेही चढते. त्याचा दोष कण्यावर टाकू नये.

यांपैकी एकाही प्रथिनावर उपचार ठरत नाहीत. वाढ बाकी असताना २५° ते ४०° पर्यंत कण्याला आधार देणारा पट्टा (ब्रेस), ४५°-५०° च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार. आणि पट्टा दिवसाला निदान १३ तास अंगावर राहिला, तरच त्याचा खरा उपयोग होतो.