पाठीवरच्या टाकीत साधी हवाच असते

अंदमानला जाऊन आलेल्यांची प्रवासवर्णने आणि सहलींची माहितीपत्रके वाचू लागले, की 'पाठीवर ऑक्सिजनची टाकी बांधून आम्ही प्रवाळांमध्ये उतरलो' हे वाक्य हटकून भेटते. वृत्तपत्रांतही ते बिनदिक्कत छापून येते. हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराजद्वीपाच्या किनाऱ्यावर स्कूबासाठी मिळणाऱ्या टाकीत खरोखरच शुद्ध ऑक्सिजन भरला, तर नवशिक्यांना जास्तीत जास्त जेथवर नेतात त्या १२ मीटर खोलीवर त्यांना आकडी येण्याची भीती असते, कारण साधारण ६ मीटरच्या खाली शुद्ध ऑक्सिजन मज्जासंस्थेला विषारी ठरू लागतो. टाकीत असते ती आपण आत्ता घेत आहोत तीच हवा, गाळून, कोरडी करून, वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने कोंबलेली. तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन असतो. शाळेत 'फारशी अभिक्रिया न करणारा वायू' अशी ज्याची बोळवण केली जाते, त्या नायट्रोजनवरच स्कूबाचे बहुतेक सगळे नियम बेतलेले आहेत.

समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. छातीवर तो दाब असताना पृष्ठभागावरची हवा नळीने ओढून घेणे एक मीटर खोलीवरही जवळपास अशक्य होते. पृष्ठभागावर तरंगताना तोंडात धरायची स्नॉर्केलची नळी जेमतेम हातभरच असते ती त्यामुळे. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केलेल्या रेग्युलेटरने हा प्रश्न सोडवला : पाणबुड्याने श्वास ओढला की त्या खोलीवर पाण्याचा जो दाब असेल, नेमक्या त्याच दाबाची हवा त्याच्या तोंडात येते. अशी दाबाची हवा छातीत कोंडून वर येऊ लागल्यास ती प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम.

आता मुख्य मुद्दा. विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडलेला नियम सांगतो, की द्रवावर वायूचा दाब जितका अधिक, तितका तो वायू द्रवात अधिक विरघळतो. श्वासातला ऑक्सिजन शरीर वापरून टाकते. नायट्रोजनचा मात्र त्याला काहीच उपयोग नसल्यामुळे तो रक्तात आणि त्याहून अधिक चरबीत साठत राहतो. दाब सावकाश उतरला तर तो आल्या वाटेने फुप्फुसांतून निघून जातो. झटकन उतरला, तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे होते ते शरीरात होते. बुडबुडे सांध्यांत वेदना निर्माण करतात, मज्जारज्जूत शिरले तर पाय लुळे पडतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी नदीखाली दाबाच्या हवेत काम करणारे मजूर १८७०च्या दशकात याच विकाराने जायबंदी झाले, आणि पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही त्यातून सुटला नाही.

यावर उत्तर काढले ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलासाठी बोकड-शेळ्यांवर प्रयोग करून त्यांनी १९०८ साली पाणबुड्याने कुठे किती थांबत वर यावे, याचे वेळापत्रकच प्रसिद्ध केले. सगळे शरीर एकाच गतीने नायट्रोजन घेत नाही, हे त्यांच्या गणिताचे मर्म. त्यांनी ऊतींचे पाच काल्पनिक गट कल्पिले आणि त्यांचे 'अर्धकाल' ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे धरले. अर्धकाल म्हणजे ऊतीत असलेला नायट्रोजन आणि त्या दाबाला तिच्यात मावू शकणारा नायट्रोजन यांतली निम्मी तफावत भरून निघायला लागणारा वेळ. वीस मिनिटे खाली राहिल्यास ५ मिनिटांच्या गटाचे चार अर्धकाल होतात, म्हणजे सोळातले पंधरा भाग, सुमारे ९४ टक्के भरतात. ७५ मिनिटांच्या गटात त्याच वेळात जेमतेम १७ टक्के भर पडते. वर आल्यावर हेच गणित उलटे चालते. चटकन भरलेला गट चटकन रिता होतो, रेंगाळत भरलेला रेंगाळतच रिता होतो, आणि तो रिता होण्याआधी दुसऱ्यांदा बुडी मारली की पहिल्या शिलकीत नवी भर पडते. मनगटावरचे डाईव्ह कॉम्प्युटर आज हेच गणित, अधिक गटांनिशी, दर काही सेकंदांनी करत असतात. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हे संकेत त्यातूनच आले.

विमानाची गोष्टही या शिलकीशीच जोडलेली आहे. प्रवासी विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो, म्हणजे पाणबुड्याला समुद्राच्याही वर आणखी एक चढण चढावी लागते. एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास, आणि अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस पाण्यात घालवले असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असे सांगितले जाते. 'सकाळी स्कूबा, संध्याकाळी परतीचे विमान' असा कार्यक्रम आखणाऱ्यांना हे माहीत नसते, किंवा माहीत असूनही ते गप्प बसतात. होडीच्या नाळीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याशी माझे भांडण नाही, पण हेन्रीचा नियम तिला भीक घालत नाही. स्कूबा सहलीच्या सुरुवातीला उरकावे. शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी किंवा एलिफंट बीचवरच्या स्नॉर्केलिंगसाठी ठेवावा, कारण पृष्ठभागावर तरंगताना नायट्रोजन साठत नाही.

आपल्याकडे तारकर्ली-मालवणला जाणाऱ्यांचा विमानाशी बहुधा संबंध येत नाही, पण घाटाशी येतो. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ८ टक्के कमी असतो. उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटे मासे पाहून आलेल्या पर्यटकाने त्यासाठी मुक्काम वाढवण्याचे कारण नाही. मात्र दिवसभरात चार-पाच वेळा खोल उतरलेल्या प्रशिक्षकाने त्याच संध्याकाळी गाडी काढून घाट चढण्याआधी मनगटावरचा आकडा पाहिलेला बरा.